आगगाडी, मोटार की विमान?



येत्या डिसेंबरात माझ्या भाचीचे लग्न डोंबिवलीला आहे आणि आम्ही राहतो नागपुरात. म्हणजे जाणे आलेच. आणि जाणे आले की ‘कशाने जायचे?’ हा वादही आला. आमच्या घरी तो गणपतीपासून चालू आहे. पत्नीचे म्हणणे, विमानाने जावे, दीड तासात मुंबई. नववीतल्या चिरंजीवांचे मत त्यांच्या मामाच्या नव्या मोटारीला, कारण समृद्धी महामार्गावरून मामा आठ तासांत पोहोचतो आणि शिवाय वाटेत हवे तिथे थांबतो. माझे मत आगगाडीला. घरात लोकशाही असल्यामुळे ते मोजले जाते आणि अल्पमतात जाते.

अकरावीच्या वर्गात एके दिवशी पाठ लवकर संपला, तेव्हा हाच प्रश्न मी मुलांना टाकला. साठांपैकी चाळीस हात विमानासाठी वर झाले. यांपैकी विमानात बसलेले किती, असे विचारल्याबरोबर चारच हात उरले. मोटारीला पंधरा मते पडली. आगगाडीला पाच, आणि त्यांतल्या दोघांचे वडील रेल्वेत नोकरीला आहेत!

तेव्हा आगगाडीची वकिली करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. मत माझे आहे, पण आकडे तुम्ही स्वतः करून पाहा. ते ढोबळ आहेत; दहा-वीस टक्के इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही. या वर्षी मे महिन्यात मामाच्या मोटारीच्या बाबतीत एक प्रसंग घडला, त्याच्याकडेही मला यायचे आहे. पण आधी थोडे पदार्थविज्ञान.

असे समजा, की एखादे वाहन सपाटीवर एकसारख्या वेगाने चालले आहे. वेग बदलत नाही, म्हणजे न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे त्याच्यावरील सर्व बलांची बेरीज शून्य. मग एंजिन झगडते कोणाशी? फक्त विरोधाशी. काही विरोध चाकांचा, काही हवेचा. आता मनातल्या मनात एंजिन बंद करा आणि वाहनाला पुढून एक दोर बांधा. दोर एका कप्पीवरून घेऊन त्याच्या टोकाला वजन टांगा. किती किलोचे वजन टांगले तर वाहन त्याच वेगाने चालत राहील? एवढ्या एका प्रश्नात आपल्या तिन्ही वाहनांची परीक्षा होते.

पहिली पाळी आगगाडीची. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकते ती जागा एखाद्या लहान नाण्याहून मोठी नसते. दोन्ही इतके कठीण, की दबणे जवळपास नाहीच. मोटारीचा टायर मात्र जमिनीला टेकला की दबतो आणि पुढे गेला की पूर्ववत होतो. दबताना घेतलेली ऊर्जा तो पूर्ण परत करीत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने खाऊन टाकतो. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, म्हणजे पेट्रोलचा एक हिस्सा कुठे गेला ते हाताला कळेल. त्यामुळे एक टन वजन सावकाश चालवायला रुळावर एक-दोन किलोचा ओढा पुरतो, तर रस्त्यावर दहा ते पंधरा किलोचा लागतो.

वेग वाढला की हवा आडवी येते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण आगगाडीत पहिला डबा हवा फोडतो आणि मागचे वीस-बावीस डबे त्याच्या आडोशाने जातात. त्यांना वारा लागतो तो मुख्यतः बाजूंना आणि खाली. सायकलींच्या शर्यतीत स्वार एकामागे एक का जातात, ते आठवा. एंजिन धरून सुमारे १,२०० टनांची गाडी ताशी १०० कि.मी. वेगाने न्यायची तर दर टनामागे चार-पाच किलो, म्हणजे एकूण पाचेक टनांचा ओढा पुरतो.

मोटारीचे काय? चार माणसे धरून दीड टनाची मोटार ताशी १२० कि.मी.ने चालली, तर टायरांचा विरोध साधारण १८ किलोचा आणि हवेचा जवळजवळ ४८ किलोचा. बेरीज ६६. टनामागे ४४ किलो पडले. तीच मोटार ताशी ८० कि.मी.ने चालवा, टायरांचा विरोध तेवढाच राहतो, पण हवेचा ४८ वरून २१ वर उतरतो. समृद्धीच्या ७०१ कि.मी.त या फरकाने वीसेक लिटर पेट्रोल वाचते. वेळ मात्र तीन तास जास्त लागतो, हेही सांगायला हवे.

विमानाला चाकांचा विरोध नाही, पण त्याच्या पायाखाली जमीनही नाही. स्वतःला वर तोलून धरण्यासाठी त्याला हवा सतत खाली ढकलावी लागते आणि त्याची किंमत ओढ्याच्या रूपाने मोजावी लागते. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या १८० आसनांच्या जेट विमानाचे वजन अशा प्रवासात ६५ टन धरू. त्याला आकाशात एकसारखे चालत ठेवायला वजनाच्या सतराव्या हिश्शाएवढा, म्हणजे जवळजवळ पावणेचार टनांचा ओढा लागतो. टनामागे ५८-५९ किलो! तेही दहा किलोमीटर उंचीवर, जिथे हवेची घनता जमिनीजवळच्या घनतेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच असते. विमाने इतक्या उंचावरून का जातात, याचे हे एक मोठे कारण आहे. (तिथल्या विरळ हवेचा पुरावा आमच्या घरी आला होता. पत्नीने विमानात अर्धी पिऊन बूच घट्ट लावलेली प्लॅस्टिकची बाटली मुंबईला उतरेपर्यंत चेपून बसली होती. विमानाच्या आतला दाबसुद्धा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणासारखा कमीच ठेवलेला असतो.)

आता पाच टन आणि पावणेचार टन हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आगगाडीला लागणारा ओढा विमानाच्या ओढ्यापेक्षा थोडासाच जास्त आहे. पण विमानात १८० माणसे बसली आहेत आणि आगगाडीत १,२००.

माणशी वाटणी केली तर दोराला टांगायचे वजन असे येते. आगगाडीत चार-पाच किलो, भरलेल्या मोटारीत सोळा, भरलेल्या विमानात एकवीस. आणि मोटारीत एकटाच माणूस बसून ताशी १२० कि.मी.ने निघाला, तर साठाहून अधिक! तो एकटा माणूस विमानातल्या तिघांएवढी ऊर्जा खर्च करतो. हे उत्तर आले तेव्हा मी हिशेब दोनदा तपासला. विमान म्हणजे उधळपट्टी आणि मोटार म्हणजे मध्यमवर्गी काटकसर, असे मीही धरून चाललो होतो.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. नागपूर ते मुंबई रुळाने ८३७ कि.मी., हवेतून सरळ सुमारे ६८० कि.मी. माणशी कार्य आगगाडीत दहाएक युनिट विजेएवढे, विमानात चाळीसेक, चौघांच्या मोटारीत तीसेक आणि एकट्याच्या मोटारीत १२० च्या घरात. विमानाच्या खात्यात अजून वर चढण्याचा खर्च आहे. ६५ टन दहा किलोमीटर उचलायला लागणारी स्थितिज ऊर्जा त्याच्या ताशी ८०० कि.मी. वेगाच्या गतिज ऊर्जेच्या जवळजवळ चौपट भरते. उतरताना एंजिने मंद करून तिचा काही भाग परत वसूल होतो. पण प्रवास जेवढा छोटा, तेवढा हा चढउताराचा खर्च अंगावर येतो.

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, आगगाडी विजेवर चालते आणि वीज बहुतांशी कोळशापासून होते, त्याचे काय?” प्रश्न योग्य आहे. रुळावर धूर दिसत नाही म्हणून धूर नाहीच असे नव्हे. तो कोठल्या तरी औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो, आणि कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांशच विजेच्या रूपाने हाती लागते. पण मोटारीचे एंजिनही पेट्रोलच्या उष्णतेचा चौथ्या हिश्शाच्या आसपासच उपयोग करते. तेव्हा सर्वांनाच हा दंड आहे. शिवाय आगगाडीची वीज उद्या सूर्यापासून घेता येईल; विमानाच्या इंधनाला तितका सोपा पर्याय अजून सापडलेला नाही.

आगगाडीचे वकीलपत्र घेतले म्हणून तिचे दोष झाकणे मला शोभणार नाही. पहिला दोष तिचे वजन. माणशी एक टन लोखंड घेऊन ती फिरते. विमानात हा भार ३६० किलोच आहे. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या डब्यात चोवीसच माणसे झोपतात, म्हणजे तिथे माणशी दोन टन! दोर हलका म्हणून हे चालून जाते, एवढेच.

दुसरा दोष घाटात दिसतो. कसारा घाटात रुळांचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. एक टन वजन या चढावर नेताना गुरुत्वाकर्षणच २७ किलोने मागे ओढते. सपाटीवर चार-पाच किलोंवर भागवणाऱ्या गाडीला एकदम बत्तीसेक किलो लागतात. म्हणून मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून आणखी एंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलत आणतात. मोटारीला चाळीसच्या जागी सत्तर झाले तरी नुसता गिअर बदलून भागते. ज्या गुळगुळीतपणाचे आपण इतके कौतुक केले, तोच इथे आड येतो.

पण नागपूरहून मुंबईला जाताना हाच घाट उतरायचा असतो आणि तेव्हाची गंमत मला फार आवडते. नव्या विजेच्या एंजिनांत, उतारावर मोटरींनाच जनित्राचे काम करायला लावतात. गाडीचे वजन चाके फिरवते, चाके मोटरी फिरवतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. १,२०० टनांची गाडी सुमारे ३०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ ९८० युनिट ऊर्जा सोडते. त्यांतले निम्मे जरी तारेत गेले, तरी महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची पाच महिन्यांची सोय झाली. मोटारीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. (विजेवरच्या मोटारी आता हे करू लागल्या आहेत, हे खरे.) पहाटे इगतपुरी सुटली की मी जागा होऊन खिडकीपाशी बसतो. बाहेर धुके आणि अंधार. दिसत काही नाही, पण वर तारेत काय चालले असेल याचा विचार करायला मजा येते.

आता मे महिन्यातला प्रसंग. माझा मेहुणा, म्हणजे चिरंजीवांचा मामा, मुंबईचे काम आटोपून रात्री दहाला एकटाच मोटार घेऊन निघाला. पहाटे तीनच्या सुमारास, रस्ता मोकळा, सरळ, सपाट, मोटारीत गार हवा आणि मंद गाणी. त्याचा डोळा लागला. रस्त्याच्या कडेला आखलेल्या जाड पट्ट्यांवरून चाके खडखडली, तेव्हा त्याला जाग आली आणि त्याने मोटार सावरली. आमच्याकडे येऊन त्याने ही गोष्ट हसत हसत सांगितली. “दोन सेकंद झाले असतील, भाऊजी. जास्त नाही.”

मी काही बोललो नाही. कागद घेतला. ताशी १२० कि.मी. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. दोन सेकंदांत ६७ मीटर, म्हणजे आपल्या हुतुतूच्या मैदानाची लांबी पाच वेळा, डोळे मिटून. त्या वेगाची गतिज ऊर्जा किती? समजायला सोपे पडावे म्हणून असे विचारू, की किती उंचीवरून पडल्यावर एखादी वस्तू एवढ्या वेगाने जमिनीवर आदळेल? वेगाचा वर्ग भागिले 2g. उत्तर सुमारे ५७ मीटर. म्हणजे अठरा-एकोणीस मजली इमारतीच्या गच्चीवरून. ताशी ६० कि.मी. असता तर १४ मीटर, चार-पाच मजले. वेग दुप्पट, उंची चौपट. ब्रेक दाबल्यावर मोटार थांबायला लागणारे अंतरही त्याच हिशेबाने चौपट होते. ताशी ६० ला २० मीटर, १२० ला ८०. आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेले अंतर वेगळे.

मेहुणा कागद पाहून म्हणाला, “तुम्ही फिजिक्सवाले उगाच घाबरवता.” पत्नी मात्र आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

टायरांचेही एक गणित त्याला दाखवले. सकाळी २७ अंश सेल्सिअसला टायरात ३३ पौंड हवा भरली. मापक दाखवतो तो वातावरणापेक्षा जास्तीचा दाब. वातावरणाचे पंधरा मिळवले की खरा दाब ४८. मे महिन्यात दुपारी वेगात धावून टायरातली हवा ७७ अंशांवर गेली, म्हणजे ३०० केल्विनची ३५० केल्विन झाली. घनफळ फारसे बदलत नाही, तेव्हा दाब झाला ५६, आणि मापकावर ४१. पुष्कळ लोक हे ऐकून आधीच कमी हवा भरतात आणि तिथे चुकतात. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त तापतो आणि जुना असेल तर तापूनच फाटतो. हवा भरायची ती टायर थंड असताना, मोटार बनवणाऱ्याने सांगितलेली, ना कमी ना जास्त.

समृद्धी महामार्गाला माझा विरोध नाही. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. इगतपुरीजवळचा आठेक किलोमीटरांचा जोडबोगदा पाहून अभियंत्यांचे कौतुकच वाटते. पण १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले, ती सकाळ आमच्या विदर्भात कोणी विसरलेले नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सुमारे ४६०. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळले, त्यातल्या २४२ पैकी २४१ जण गेले आणि सारा देश हादरला. रस्त्यांवर तेवढी माणसे रोज दुपारपर्यंत जातात. ती वेगवेगळ्या गावी, दोन-दोन तीन-तीन अशी जातात, म्हणून आपण हादरत नाही.

आगगाडीला अपघात होत नाहीत असे कोण म्हणेल? २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ २९० हून अधिक माणसे गेली. पण एका मूलभूत गोष्टीकडे लक्ष द्या. रुळावर घर्षण कमी असल्यामुळे ताशी १२० कि.मी.ने धावणाऱ्या गाडीला थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. एवढे लांबचे चालकाला दिसेलच असे नाही. म्हणजे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवून आगगाडी चालवणे मुळातच अशक्य. म्हणून सिग्नल आले, खंड पाडून एका खंडात एकच गाडी सोडण्याची पद्धत आली. आजच्या विजेच्या एंजिनात चालकाने ठरावीक वेळात काहीच हालचाल केली नाही, तर यंत्र त्याला सावध करते, आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. मेहुण्याला जागे करायला रस्त्याच्या कडेच्या पट्ट्याच होत्या. दहा मीटर अलीकडे वळण असते तर त्याही नसत्या.

वेळेच्या बाबतीत माझा हिशेब जरा वेगळा आहे. मी जागेपणीचे तास मोजतो. विमान दीड तासाचे. पण घरून विमानतळ, दोन तास आधी पोहोचणे, सामानाची वाट पाहणे आणि मुंबईच्या गर्दीतून डोंबिवली धरली तर सहा तास गेले, आणि ते तुकड्यातुकड्यांनी गेले, कशाच्याच उपयोगी नाहीत. मोटारीने थांबत थांबत नऊ-दहा तास, चालवणाऱ्याला त्यांतला एकही मोकळा नाही. आगगाडी संध्याकाळी निघते आणि सकाळी कल्याणला सोडते. ठाकुर्ली ओलांडली की डोंबिवली. बारा-तेरा तास झाले खरे, पण आठ झोपेत गेले. उरलेल्यांत मी उत्तरपत्रिका तपासतो. मुलगा सोबत असला की आम्ही गाडीचा वेग काढतो. रुळांच्या बाजूच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले ते घड्याळात पाहायचे आणि त्याने ३,६०० ला भागायचे. ३६ सेकंद लागले तर ताशी १०० कि.मी. वर्धा ते बडनेरा हा खेळ रंगतो.

मी विमानात बसलोच नाही, असे समजू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आई डोंबिवलीला बहिणीकडे होती. सकाळी सात वाजता फोन आला, की तिला रुग्णालयात हलवले आहे, लगेच या. मी मिळेल त्या विमानाने गेलो. दुपारी पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. तिने मला ओळखले, “जेवलास का?” असे विचारले. रात्री तिची शुद्ध हरपली. आगगाडीने गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पोहोचलो असतो. त्या दिवशी माझ्या दोराला एकवीस किलो लागत होते की शंभर, याच्याशी मला काही देणेघेणे नव्हते. विमान असावे ते अशा दिवसांसाठी, आणि समुद्रापलीकडे जाणाऱ्यांसाठी. लग्नाला जायला ते कशाला हवे?

मोटारीलाही तिची जागा आहे. लोणारचे उल्काविवर पाहायला निघालात तर आगगाडी तिथे पोहोचत नाही, एस.टी. किंवा मोटारच हवी. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना दारातून दारात न्यायचे असेल तर मी स्वतः मेहुण्याची मोटार मागून घेईन. चार माणसे, दीडदोनशे किलोमीटर, दिवसाउजेडी, हे तिचे राज्य.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आगगाडी इतकी गुणाची, आणि तिकीट काढायला जावे तर दिवाळीत, लग्नसराईत प्रतीक्षायादी दोनशेच्या पुढे. सर्वसाधारण डब्यात माणसे शौचालयाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून रात्र काढतात. चार-पाच किलोंच्या दोराने जाऊ शकणारा माणूस जागा मिळत नाही म्हणून सोळा किंवा साठ किलोंचा दोर धरतो. माझ्या वर्गातल्या पंधरा मुलांनी मोटारीला मत दिले, त्यांतल्या किती जणांनी आगगाडीत नीट झोपून प्रवास केला असेल? ज्याला रात्रभर उभे राहावे लागले, त्याला माझे हे गणित ऐकवायची मला लाज वाटेल. रूळ, गाड्या आणि डबे वाढवण्यावर खर्च केलेला रुपया इंधन वाचवतो आणि माणसेही वाचवतो, असे माझे मत आहे. पण नवा रस्ता झाला की त्याचा फोटो छापून येतो, गाडीला जोडलेल्या दोन जादा डब्यांचा येत नाही.

असो. लग्नाची तिकिटे मी आगाऊ काढली आहेत. चार पक्की मिळाली, पाचवे आर.ए.सी. मेहुणा मोटारीनेच येणार. पण रात्री न निघता सकाळी सहाला निघायचे, दर दोन तासांनी थांबायचे आणि काटा शंभराच्या आत ठेवायचा, एवढे त्याने बहिणीला कबूल केले आहे. मला नाही, बहिणीला! चिरंजीव मामाबरोबर जायचे म्हणून हटून बसले आहेत. त्यांचे तिकीट अजून रद्द केलेले नाही. त्यांना मी टायराच्या दाबाचे एक गणित घातले आहे. या वेळी सकाळचे तापमान डिसेंबरातले, १२ अंश. उत्तर आले की पाहू.